चौकातील सिग्नल: मागणी, निकष आणि जबाबदारी

शहरातील एखाद्या चौकात गंभीर अपघात घडला की परिसरातील रहिवाशांची पहिली मागणी तेथे सिग्नल बसवण्याची असते. नगरसेवक पत्र देतात, वाहतूक पोलीस स्थळाची पाहणी करतात, महापालिका निविदा काढते आणि काही महिन्यांनी चौकात खांब उभे राहतात. दिवे सुरू झाल्यावर प्रश्न सुटला, असे सर्वच संबंधित गृहीत धरतात. मात्र सिग्नल असूनही ज्या चौकांत अपघात आणि कोंडी कायम आहेत, अशा चौकांची संख्या देशातील कोणत्याही मोठ्या शहरात थोडी नाही. त्यामुळे सिग्नल कोठे बसवावा, तो कोणत्या हिशेबाने चालवावा आणि तो नीट चालला नाही तर उत्तर कोणी द्यावे, या तीन प्रश्नांचा एकत्रित विचार करणे आवश्यक ठरते.

या विषयाचे गांभीर्य आकडेवारीवरून स्पष्ट होते. केंद्रीय रस्ते वाहतूक आणि महामार्ग मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या वर्षात देशात ४ लाख ६१ हजार ३१२ रस्ते अपघातांची नोंद झाली. त्यांत १ लाख ६८ हजार ४९१ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. मृतांमध्ये सर्वाधिक प्रमाण दुचाकीस्वारांचे होते, तर ३२ हजार ८२५ पादचारी होते. म्हणजे रस्त्यावर प्राण गमावणाऱ्या दर पाच व्यक्तींपैकी जवळजवळ एक व्यक्ती पायी चालणारी होती. चौक हे वाहने आणि पादचारी यांचे मार्ग एकमेकांना छेदण्याचे ठिकाण असल्याने तेथील व्यवस्थेचा या संख्येशी थेट संबंध येतो.

रेल्वेकडून रस्त्याकडे

रस्त्यावरील सिग्नलची कल्पना रेल्वेकडून आली. १८६८ च्या डिसेंबरमध्ये लंडन येथे ब्रिटिश संसद भवनाजवळ पहिला सिग्नल उभारण्यात आला. त्याची रचना जे. पी. नाइट या रेल्वे अभियंत्याने केली होती. दिवसा हलणाऱ्या पट्ट्या आणि रात्री गॅसवर जळणारे लाल व हिरवे दिवे, असे त्याचे स्वरूप होते. तो चालवण्यासाठी पोलीस शिपाई नेमलेला असे. जानेवारी १८६९ मध्ये गॅसगळतीमुळे स्फोट होऊन हा शिपाई जखमी झाला आणि प्रयोग थांबला. विजेवर चालणारा सिग्नल त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, ५ ऑगस्ट १९१४ रोजी अमेरिकेतील क्लीव्हलँड शहरात सुरू झाला. त्यात लाल आणि हिरवा असे दोनच दिवे होते. तिन्ही रंगांचा आणि चारही दिशांना दिसणारा सिग्नल १९२० मध्ये डेट्रॉइट शहरात विल्यम पॉट्स या पोलीस अधिकाऱ्याने तयार केला.

पिवळ्या दिव्याची गरज का भासली, हे साध्या हिशेबावरून समजते. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन सेकंदाला सुमारे १४ मीटर अंतर कापते. चालकाला दिवा बदललेला दिसून ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद जातो असे मानले, तर साधारण ब्रेक लावून वाहन पूर्ण थांबेपर्यंत एकूण सुमारे ४५ मीटर अंतर लागते. याचा अर्थ थांबारेषेपासून ३० मीटरवर असलेल्या चालकाला हिरव्याचा एकदम लाल झाला, तर नियम पाळण्याची इच्छा असूनही तो वेळेत थांबू शकत नाही. पिवळ्या दिव्याचे तीन-चार सेकंद अशाच चालकासाठी असतात. आपल्याकडे मात्र पिवळा दिवा म्हणजे वेग वाढवण्याची सूचना, असा समज रूढ झाला आहे.

सिग्नल केव्हा बसवावा?

भारतात रस्तेबांधणी आणि वाहतूक नियोजनाची मानके इंडियन रोड्स काँग्रेस ही १९३४ मध्ये स्थापन झालेली संस्था निश्चित करते. सिग्नलची रचना आणि उभारणी यासंबंधीची तिची मार्गदर्शिका १९८५ ची आहे. एखाद्या चौकात सिग्नल बसवण्याचे समर्थन कोणत्या परिस्थितीत करता येते, याचे निकष तीत दिले आहेत. मुख्य आणि उपरस्त्यावरील वाहनांची किमान संख्या हा पहिला निकष आहे. मुख्य रस्त्यावरील अखंड प्रवाहामुळे उपरस्त्यावरील वाहनांना शिरकाव न मिळणे हा दुसरा, तर रस्ता ओलांडणाऱ्या पादचाऱ्यांची संख्या हा तिसरा निकष होय. अपघातांची नोंद हाही एक निकष आहे. बारा महिन्यांत पाच किंवा त्याहून अधिक अपघात झाले असतील, आणि ते सिग्नलमुळे टळण्यासारखे असतील, तर त्या चौकाचा विचार करावा, असे ही मार्गदर्शिका सांगते.

या शेवटच्या अटीतील ‘सिग्नलमुळे टळण्यासारखे’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. काटकोनात येणाऱ्या वाहनांची टक्कर सिग्नलमुळे कमी होते, हे अनेक देशांच्या अनुभवावरून सिद्ध झाले आहे. मात्र अचानक थांबणाऱ्या वाहनावर मागून आदळण्याचे प्रकार सिग्नल बसवल्यावर वाढू शकतात. रस्त्यावरील खड्डा, अपुरा प्रकाश, वळणावर दृष्टी अडवणारे फलक किंवा पदपथावरील अतिक्रमण यांमुळे अपघात होत असतील, तर सिग्नल त्यावर उपाय ठरत नाही. म्हणूनच सिग्नलच्या मागणीवर निर्णय घेण्यापूर्वी त्या चौकातील प्रत्येक अपघाताचे स्वरूप तपासणे आणि दिवसभरातील वाहनांची व पादचाऱ्यांची मोजणी करणे अपेक्षित असते. प्रत्यक्षात हे निर्णय अनेकदा मागणीच्या तीव्रतेवरून होतात. ज्या वस्तीचा आवाज मोठा, तिला सिग्नल लवकर मिळतो. ज्या चौकात मजूर आणि शाळकरी मुले पायी रस्ता ओलांडतात, तेथील मोजणी मात्र कोणी करीत नाही.

गरज नसलेल्या ठिकाणी बसवलेल्या सिग्नलचा आणखी एक परिणाम होतो. समोर एकही वाहन नसताना वारंवार थांबावे लागले की चालक लाल दिवा ओलांडू लागतात, आणि ही सवय ते पुढच्या, खरोखर धोक्याच्या चौकातही सोबत नेतात. रात्री वाहतूक विरळ असताना मुख्य रस्त्याला लुकलुकणारा पिवळा आणि उपरस्त्याला लुकलुकणारा लाल दिवा ठेवण्याची तरतूद आहे. लुकलुकणाऱ्या लाल दिव्याचा अर्थ ‘आधी थांबा, मग रस्ता मोकळा असल्यास जा’ असा आहे. हा अर्थ माहीत असलेले चालक किती असतील, हा वेगळाच प्रश्न आहे.

सेकंदांचे गणित

सिग्नल बसवणे हे काम एकदाच करावे लागते. त्याची वेळ निश्चित करणे हे मात्र सतत करावयाचे काम आहे. चारही दिशांना एकदा हिरवा दिवा मिळून पुन्हा पहिल्या दिशेची पाळी येईपर्यंतच्या काळाला एक आवर्तन म्हणतात. दिवा बदलताना दर वेळी काही सेकंद वाया जातात. आधीच्या दिशेची वाहने चौकातून बाहेर पडायची असतात आणि नव्या दिशेच्या वाहनांना वेग घ्यायचा असतो. हा अपव्यय प्रत्येक टप्प्याला चार सेकंद धरला, तर चार टप्प्यांच्या आवर्तनात १६ सेकंद कोणाच्याच उपयोगी पडत नाहीत.

एफ. व्ही. वेबस्टर या ब्रिटिश संशोधकाने १९५८ मध्ये यावरून योग्य आवर्तन काढण्याचे सूत्र मांडले. ते आजही अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमात शिकवले जाते. एका आवर्तनात वाया जाणाऱ्या सेकंदांची दीडपट करावी, तीत पाच मिळवावेत आणि आलेल्या संख्येला चौकाच्या न वापरलेल्या क्षमतेने भागावे, असे ते सूत्र आहे. १६ सेकंद वाया जाणाऱ्या चौकात क्षमतेचा ७५ टक्के भाग वापरात असेल, तर आवर्तन ११६ सेकंदांचे येते. वापर ८५ टक्क्यांवर गेला की तेच आवर्तन १९३ सेकंदांवर पोहोचते. वाहतूक दहा टक्क्यांच्या अंतराने वाढली, पण प्रतीक्षा कितीतरी अधिक वाढली. गर्दीच्या वेळी थोडीशी वाहने वाढताच सगळा चौक ठप्प का होतो, याचे उत्तर या गणितात आहे. उजवीकडे वळण्यास मनाई करून टप्पे चारावरून दोनावर आणले, तर वाया जाणारा काळ निम्मा होतो. खांब न बदलता, केवळ पाळ्यांची फेररचना करून मिळणारा हा लाभ अनेक चौकांत दुर्लक्षित राहतो.

हे सूत्र वाहने मोजते, माणसे मोजत नाही, ही मर्यादाही लक्षात घ्यावयास हवी. वाहतूक अभियंते सर्व वाहने मोटारीच्या परिमाणात रूपांतरित करतात. त्यात एक बस फार तर तीन मोटारींच्या बरोबरीची धरली जाते, मग तीत पन्नास प्रवासी असोत वा साठ. दिल्लीत २००८ मध्ये आंबेडकर नगर ते मूलचंद या मार्गावर बससाठी स्वतंत्र मार्गिका सुरू झाली, तेव्हा हा प्रश्न उघडपणे पुढे आला. चिराग दिल्ली येथील चौकात सिग्नलचे टप्पे वाढले, मोटारचालकांची प्रतीक्षा लांबली आणि प्रखर टीका झाली. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने ऑक्टोबर २०१२ मध्ये मार्गिकेविरुद्धची याचिका फेटाळली. तरीही पुढे राज्य सरकारने ती मार्गिका मोडण्याचा निर्णय घेतला आणि २०१६ मध्ये ती काढून टाकण्यात आली. हिरवा दिवा कोणाला किती सेकंद द्यायचा, या निर्णयाला राजकीय बाजूही असते, हे त्या प्रकरणाने दाखवून दिले.

पादचाऱ्याच्या वाट्याला काय?

पादचारी रस्ता ओलांडताना सेकंदाला १.२ मीटर वेगाने चालतो, असे रचनेत सर्वसाधारणपणे मानले जाते. त्यानुसार २४ मीटर रुंदीचा रस्ता ओलांडण्यासाठी २० सेकंद पुरतात. परंतु वृद्ध व्यक्ती, गरोदर महिला किंवा लहान मुलाला हाताशी धरून चालणारी व्यक्ती सेकंदाला ०.८ मीटर वेगाने चालत असेल, तर तिला ३० सेकंद लागतील. वीस सेकंद संपतात तेव्हा ती १६ मीटरवर, म्हणजे रस्त्याच्या मध्याच्या थोडी पुढे असते आणि समोरच्या वाहनांना हिरवा दिवा मिळालेला असतो. मध्यभागी थांबण्यासाठी सुरक्षित दुभाजक असल्यास हा धोका बराच कमी होतो. रस्ता रुंदीकरणाच्या योजनांमध्ये मात्र पादचाऱ्याचे हे वाढलेले अंतर क्वचितच हिशेबात घेतले जाते.

दृष्टिहीन व्यक्तींच्या बाबतीत स्थिती अधिक चिंताजनक आहे. १९९५ च्या अपंग व्यक्तींच्या कायद्यातील ४५ व्या कलमात सार्वजनिक रस्त्यांवरील सिग्नलच्या ठिकाणी ध्वनिसंकेत बसवण्याची तरतूद होती. आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत, अशी सवलत त्याला जोडलेली असल्याने ती बहुतांश कागदावरच राहिली. त्या कायद्याची जागा घेणाऱ्या २०१६ च्या कायद्याने सुगम रस्त्यांची जबाबदारी शासनावर टाकली आहे. एवढे होऊनही ध्वनिसंकेत असलेला सिग्नल आपल्या शहरांत अपवादानेच आढळतो.

काही स्वागतार्ह बदलही झाले आहेत. मुंबईत २०२० मध्ये दादर परिसरातील पादचारी सिग्नलवर पुरुषाच्या आकृतीऐवजी स्त्रीची आकृती बसवण्यात आली. रस्ता सर्वांचा आहे, हा संदेश त्यातून पोहोचला. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये पदपथ वापरण्याचा हक्क हा घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचा भाग असल्याचे स्पष्ट केले. पदपथ जेथे संपतो तेथे चौक सुरू होतो. त्यामुळे या निर्णयाची कसोटी चौकातच लागणार आहे.

तंत्रज्ञानाच्या मर्यादा

गेल्या दोन दशकांत शहरांनी स्वयंचलित प्रणालींवर मोठा भर दिला आहे. तिरुवनंतपुरम येथील सी-डॅक या सरकारी संस्थेने भारतातील मिश्र वाहतूक ध्यानात घेऊन सिग्नल नियंत्रणाची प्रणाली विकसित केली आणि बंगळूरूसह काही शहरांनी ती स्वीकारली. पुण्यात स्मार्ट सिटी योजनेअंतर्गत सुमारे सव्वाशे चौकांसाठी अशीच प्रणाली हाती घेण्यात आली. गुगल कंपनीने २०२३ मध्ये बंगळूरू, कोलकाता आणि हैदराबाद या शहरांचा समावेश असलेल्या आपल्या प्रकल्पाची माहिती जाहीर केली. नकाशांवरील माहितीच्या आधारे सिग्नलच्या वेळा सुचवणे, असे त्याचे स्वरूप आहे.

अशा प्रणाली वाहनांच्या रांगा पाहून हिरव्या दिव्याचा काळ कमी-अधिक करतात. उपरस्ता रिकामा असताना मुख्य रस्ता विनाकारण थांबून राहत नाही, हा त्यांचा खरा फायदा आहे. मात्र चारही बाजूंनी रांगा लागलेल्या असतील, तर वाटण्यासाठी शिल्लक सेकंदच नसतात. पदपथाशेजारी उभी केलेली वाहने, चौकाच्या तोंडाशी असलेला रिक्षाथांबा आणि थांबारेषेच्या पुढे सरकलेल्या दुचाकी यांच्यावर संगणकाचा इलाज चालत नाही. शिवाय रस्त्यात बसवलेले संवेदक खोदकामात तुटतात, कॅमेऱ्यांवर धूळ बसते आणि देखभालीचा करार संपला की महागडी प्रणाली ठरावीक वेळेच्या साध्या सिग्नलप्रमाणे चालू लागते.

मुंबई पोलिसांचा एक प्रयोग या संदर्भात उल्लेखनीय आहे. लाल दिव्यावर विनाकारण हॉर्न वाजवणाऱ्यांना धडा शिकवण्यासाठी काही चौकांत ध्वनिमापक सिग्नलला जोडण्यात आले. आवाजाची पातळी ८५ डेसिबलच्या वर गेली की लाल दिव्याचा काळ पुन्हा पहिल्यापासून सुरू होत असे. २०२० च्या जानेवारीअखेर त्याची चित्रफीत प्रसिद्ध झाली आणि देशभर तिची चर्चा झाली. प्रयोग कौतुकास्पद असला तरी अशी शिक्षा हॉर्न न वाजवणाऱ्यालाही भोगावी लागते, हे नाकारता येत नाही.

सिग्नलविना शहरे

सिग्नल हा एकमेव पर्याय नाही. भूतानची राजधानी थिंफू येथे १९९० च्या दशकात बसवलेला सिग्नल नागरिकांना रुचला नाही. तो काढून तेथे पुन्हा हातवारे करणारा पोलीस उभा राहिला. राजस्थानातील कोटा शहराने उड्डाणपूल आणि भुयारी मार्ग बांधून मुख्य रस्ते सिग्नलमुक्त करण्याचा मार्ग निवडला. ल कॉर्बुझिए यांच्या नियोजनानुसार वसवलेल्या चंडीगडमध्ये वर्तुळाकार चौकांवर भर होता. परंतु इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९७६ च्या मार्गदर्शिकेनुसार असा चौक सर्व बाजूंनी मिळून ताशी सुमारे तीन हजार वाहनांपर्यंतच कार्यक्षम राहतो. वाहने वाढत गेली तसे चंडीगडच्या अनेक वर्तुळाकार चौकांतही सिग्नल बसवावे लागले.

उड्डाणपुलांचा अनुभव संमिश्र आहे. पुणे विद्यापीठ चौकातील उड्डाणपूल मेट्रोच्या कामासाठी २०२० मध्ये पाडण्यात आला. कोट्यवधी रुपयांचे बांधकाम अशा रीतीने बदलावे लागते, तर सिग्नलची वेळ काही मिनिटांत बदलता येते. सिग्नलमुक्त रस्त्यावर वाहनांचा वेग वाढतो आणि पायी रस्ता ओलांडण्याची संधी नाहीशी होते, हेही विसरता येत नाही. पादचारी पुलाचे जिने चढणे ज्यांना शक्य नाही, त्यांच्यासाठी असा रस्ता एखाद्या नदीसारखाच असतो.

उत्तरदायी कोण?

सर्वांत कठीण प्रश्न जबाबदारीचा आहे. सर्वसाधारणपणे खांब आणि दिवे महापालिका बसवते, त्यांच्या वेळा वाहतूक पोलीस ठरवतात, वीज वितरण कंपनी जोडणी देते आणि देखभाल ठेकेदाराकडे असते. चौकातील एखादा रस्ता सार्वजनिक बांधकाम विभागाचा किंवा राष्ट्रीय महामार्गाचा असेल, तर आणखी एका यंत्रणेची परवानगी लागते. महापालिकांच्या अधिकारकक्षेत रस्ते आणि दिवाबत्ती येत असली तरी पोलीस राज्य सरकारच्या अखत्यारीत आहेत. त्यामुळे सिग्नल बंद पडल्यावर नागरिकाची तक्रार एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात फिरत राहते.

कायद्याने चालकावर टाकलेली जबाबदारी मात्र सुस्पष्ट आहे. १ सप्टेंबर २०१९ पासून अमलात आलेल्या मोटार वाहन कायद्यातील दुरुस्तीनुसार लाल दिवा ओलांडणे हे धोकादायक वाहनचालनात मोडते. पहिल्या गुन्ह्यासाठी एक हजार ते पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिने ते एक वर्ष कारावास, अथवा दोन्ही, अशी तरतूद आहे. याच दुरुस्तीने १९८-अ हे कलमही आणले. रस्त्याच्या रचनेत, बांधकामात किंवा देखभालीत विहित सुरक्षा मानके न पाळल्यामुळे मृत्यू अथवा अपंगत्व ओढवल्यास संबंधित प्राधिकरण, ठेकेदार किंवा सल्लागार यांना एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. चालकाला कारावास आणि यंत्रणेला केवळ दंड, हा विरोधाभास आहेच. तरीही यंत्रणेचा दोष कायद्याने मान्य केला, ही लहान गोष्ट नव्हे. या कलमाचा वापर कितपत होतो, यावरच त्याचे महत्त्व ठरेल.

उपाय फार खर्चिक नाहीत. सिग्नल मंजूर करण्यापूर्वी केलेली मोजणी आणि अपघातांचे विश्लेषण नागरिकांसाठी खुले करता येईल. सिग्नल सुरू झाल्यावर एका वर्षाने त्या चौकातील अपघात, प्रतीक्षा आणि पादचाऱ्यांची सोय यांचा आढावा घेता येईल. त्या आढाव्यात सिग्नल निरुपयोगी ठरला तर तो काढण्याची तयारीही ठेवावी लागेल. प्रत्येक खांबावर चौकाचा क्रमांक आणि तक्रारीसाठी एकच दूरध्वनी क्रमांक लिहिला, तर बंद पडलेला दिवा कोणाचा, हा वाद नागरिकाच्या डोक्यावरून उतरेल. पादचाऱ्यांसाठीचे सेकंद तरुण माणसाच्या चालीवरून न ठरवता सर्वांत सावकाश चालणाऱ्या व्यक्तीवरून ठरवले, तर वाहनांना दर आवर्तनात दहा सेकंद अधिक थांबावे लागेल. दरवर्षी तीस हजारांहून अधिक पादचारी गमावणाऱ्या देशाने हे दहा सेकंद देण्यास हरकत नसावी.